मुलींना बाहेर काढणारं विशेषण

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये ‘वन डायरेक्शन’ या पाच पोरांच्या पॉप बँडमधला गायक लियाम पेन गेला. वय अवघं एकतीस. पुढचे आठ-दहा दिवस ‘वन डायरेक्शन’ हे नाव पुन्हा सगळीकडे ऐकू येत राहिलं आणि त्याच्याबरोबर एक जुना वादही उकरून निघाला. या पाच पोरांनी जे केलं त्याला संगीत म्हणायचं की बाजारात खपवलेला माल? एका बाजूचं म्हणणं असं, की टीव्हीच्या स्पर्धेत जुळवलेलं ते टोळकं होतं, गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली, पोरी किंचाळत होत्या म्हणून सगळं चाललं. दुसरी बाजू म्हणत होती, तुम्हाला मुलींचा राग आहे म्हणून तुम्ही असं बोलता. आणि पुरावा म्हणून ती पुढे करत होती २०१४ चा ‘फोर’ हा अल्बम. तो तर समीक्षकांनीही ‘प्रगल्भ’ म्हणून वाखाणला होता ना? या शब्दावर वाद मिटला असं अनेकांना वाटलं. माझ्या मते तो याच शब्दापाशी बिघडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बॉय बँडच्या, म्हणजे मुख्यतः मुलींमध्ये गाजणाऱ्या तरुण पोरांच्या पॉप गटाच्या, अल्बमला ‘प्रगल्भ’ म्हणणं हे वरवर कौतुक आहे. प्रत्यक्षात समीक्षक एवढंच सांगत असतो, की आता हे माझ्यासारख्या माणसाने ऐकलं तरी चालेल. गाण्यात काय बदललं यापेक्षा ऐकणारं कोण बदललं, याच्याकडे त्याचं लक्ष असतं. चौदा वर्षांची मुलगी खोलीतून उठली आणि तिच्या जागी तिचा काका येऊन बसला, की गाणं प्रगल्भ झालं. ‘फोर’ चांगला अल्बम आहे. काही ठिकाणी फार चांगला, काही ठिकाणी चक्क कंटाळवाणा. पण ज्या कारणांसाठी तो वाखाणला गेला ती बहुतेक चुकीची होती, आणि ज्या कारणासाठी वाखाणायला हवा होता ते मुलींना आधीच कळलेलं होतं.

ज्यांना हा सगळा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘द एक्स फॅक्टर’ स्पर्धेत नायल होरान, झेन मलिक, लियाम पेन, हॅरी स्टाइल्स आणि लुई टॉमलिन्सन हे पाच जण वेगवेगळे आले, वेगवेगळे बाद झाले आणि त्यांचा गट बांधून त्यांना परत आत घेण्यात आलं. गट तिसरा आला. स्पर्धेचा परीक्षक सायमन कॉवेल याच्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. २०११ पासून २०१५ पर्यंत दर नोव्हेंबरात एक अल्बम, असे पाच अल्बम निघाले. २०१३ चा ‘मिडनाइट मेमरीज’ त्या वर्षी जगात सर्वाधिक खपलेला अल्बम होता. १७ नोव्हेंबर २०१४ ला ‘फोर’ आला, आणि पहिले चारही अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला हा पहिला बँड ठरला. पोरं तेव्हा वीस ते बावीस वर्षांची होती. परीक्षणांतून जे शब्द पुन्हा पुन्हा आले ते असे: ऐंशीच्या दशकातल्या स्टेडियम रॉकचा बाज, सत्तरच्या दशकात गाजलेल्या फ्लीटवुड मॅक या रॉक बँडची छाया, गिटारींना दिलेली जागा, गीतलेखनात मुलांची स्वतःची नावं. एकंदर सूर असा, की मुलं मोठी झाली.

ही यादी जरा नीट पाहा. अल्बम मोठा झाल्याची जी जी खूण सांगितली गेली, ती प्रत्येक खूण समीक्षकाच्या स्वतःच्या तरुणपणाच्या कपाटातून आली आहे. त्याने विशीत ज्या रेकॉर्डी ऐकल्या त्यांच्यासारखं काही ऐकू आलं, की त्याला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं आणि त्या ओळखीच्या उबेला तो ‘प्रगल्भता’ म्हणतो. पण गिटार हे वाद्य सिंथेसायझरपेक्षा वयाने मोठं आहे म्हणून ते विचाराने मोठं कसं झालं? १९७७ च्या धर्तीचं गाणं २०१४ मध्ये करणं हे पुढे जाणं की मागे जाणं? हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

आता विरोधी बाजू. ती हलकी नाही, आणि चाहत्यांनी तिला हसण्यावारी नेऊ नये. दर नोव्हेंबरात अल्बम काढायचा, कारण डिसेंबरात नाताळची खरेदी असते. हे वेळापत्रक कुणा कलावंताच्या प्रतिभेने ठरवलेलं नव्हतं. दौरा चालू असताना हॉटेलच्या खोल्यांमध्ये मायक्रोफोन लावून आवाज ध्वनिमुद्रित केले गेले. पोरांची नावं गीतकारांच्या यादीत असली तरी ज्युलियन बुनेटा, जॉन रायन आणि जेमी स्कॉट ही व्यावसायिक मंडळी जवळजवळ सगळीकडे आहेत. आणि ‘मोठं होणं’ हाही हिशेबाचा भाग होता. २०११ मध्ये तेरा वर्षांची असलेली मुलगी २०१४ मध्ये सोळाची होते. तिच्यासोबत माल वाढला नाही तर ती दुसरीकडे जाते, एवढं कंपनीला कळत होतं. सगळ्यांत जड पुरावा तर घरातूनच आला. मार्च २०१५ मध्ये झेन बँड सोडून गेला आणि त्याच वर्षी ‘द फेडर’ मासिकाच्या मुलाखतीत त्याने सांगितलं, की हे संगीत मी स्वतः ऐकलं नसतं. तो म्हणाला, गाताना मी माझ्या पद्धतीची छोटी तान घेतली, की ती सपाट होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचे. गाणाराच असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याने काय म्हणायचं?

हे सगळं मी मान्य करते. यातलं काहीही खोटं नाही. पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघतो का, हे तपासून पाहू.

आधी ‘दुसऱ्याने लिहिलेलं, ठरलेल्या वेळात केलेलं’ हा आक्षेप. आपण मराठी माणसांनी तरी हा आक्षेप घेताना दहा वेळा विचार करावा. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची, आणि गायचं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी. पुढच्या आठवड्याचं गाणं प्रसारणाच्या आधी तयार व्हायलाच हवं होतं. रेडिओ थांबणार नव्हता. लिहिणारा वेगळा, चाल बांधणारा वेगळा, गाणारे वेगळे आणि डोक्यावर तारखेची तलवार. छप्पन्न गाणी झाली. त्यांना कुणी कारखान्याचा माल म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. मी दोन्हींची उंची एक आहे असं अजिबात सुचवत नाही. एवढंच म्हणते, की वेळापत्रक आणि श्रमविभागणी यांच्यावरून उंची कळत नाही. ती ऐकूनच ठरवावी लागते. आपल्या सिनेसंगीताचा तर सगळा संसारच असा आहे. लताबाईंनी स्वतः गाणी लिहिली नाहीत म्हणून त्या कमअस्सल, असं कुणी म्हणेल का?

पाश्चात्त्य संगीतातला इतिहासही हेच सांगतो. १९६६ मध्ये अमेरिकेत टीव्ही मालिकेसाठी ‘द मंकीज’ हा चार पोरांचा बँड जुळवण्यात आला. पहिल्या दोन अल्बमांत वाद्यं बहुतेक स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांनी वाजवली, हे बाहेर आलं तेव्हा ‘फसवणूक’ म्हणून केवढा गहजब झाला. गंमत अशी, की लॉस एंजेलिसच्या त्याच ‘रेकिंग क्रू’ वादकांपैकी अनेकांनी १९६६ मध्येच बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वर वाजवलं होतं. तो अल्बम आज विसाव्या शतकातल्या थोर अल्बमांत गणला जातो. तेच हात, तीच वाद्यं, तेच शहर. एका घरी ती कला आणि दुसऱ्या घरी लबाडी. मंकीजच्या पोरांना हा डाग इतका झोंबला, की संगीत सांभाळणाऱ्या डॉन कर्शनरला त्यांनी जायला लावलं आणि १९६७ चा ‘हेडक्वार्टर्स’ स्वतः वाजवून काढला. तो एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिला, मग बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला आणि तो दुसऱ्यावर घसरला. आपण खरे आहोत हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं, तरीही त्यांच्या नावापुढचं ‘बनावट’ हे विशेषण कित्येक दशकं पुसलं गेलं नाही. कारण आक्षेप वाजवण्याबद्दल नव्हताच. आक्षेप होता तो, त्यांना कोण ऐकतं याबद्दल.

उसन्या चालींबद्दल फार लांबण लावत नाही. ‘बेस्ट साँग एव्हर’ची सुरुवात ‘द हू’ या बँडच्या एका प्रसिद्ध गाण्यासारखी आहे, अशी ओरड २०१३ मध्ये झाली. पीट टाउनशेंड, म्हणजे ज्याची ती चीज, त्यानेच पुढे येऊन सांगितलं की माझी काही तक्रार नाही, पॉपमध्ये हे असंच चालतं. धन्याने सोडलेला दावा शेजाऱ्याने लढवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले तेव्हा ते काय होते? बॉय बँडच होते. सारखे कोट, सारखे केस, हात धरण्याविषयीची गाणी आणि समोर किंचाळणाऱ्या मुली. त्याच महिन्यात लंडनच्या ‘न्यू स्टेट्समन’मध्ये पॉल जॉन्सन यांनी लेख लिहिला, आणि त्यात बीटल्सपेक्षा जास्त झोडलं ते त्या मुलींना: बीटल्सभोवती गर्दी करणारी ही मुलं म्हणजे त्या पिढीतली मंद, आळशी, अपयशी मुलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९६५ मध्ये ‘रबर सोल’ आला, १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’, आणि बीटल्स ‘कला’ झाले. विद्यापीठांत शिकवले जाऊ लागले. त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे बहुतेक पुरुष होते, आणि त्या ग्रंथांत १९६४ च्या मुली येतात त्या पार्श्वभूमीला, तोंड उघडलेल्या, एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात. पण हा बँड असामान्य आहे हे सर्वांत आधी कुणाच्या कानांना कळलं होतं? मोठ्या समीक्षकांत ‘टाइम्स’चे विल्यम मान हे एक सन्माननीय अपवाद, त्यांनी डिसेंबर १९६३ मध्येच त्या गाण्यांमधल्या स्वररचनेवर गंभीरपणे लिहिलं होतं. बाकीचे मागून आले, आणि आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मालकी बदलून घेण्याचं. त्या मुलींचे कान बरोबर होते, एवढं तरी कुणी कधी कबूल केलं का?

ही रीत त्याहून जुनी आहे. १८४० च्या दशकात बर्लिनच्या बायका फ्रान्झ लिस्टच्या पियानोवर अशाच वेड्या झाल्या होत्या, आणि जर्मन कवी हाइनरिश हाइनेने त्या वेडाला नाव दिलं, लिस्टोमेनिया, जसं एखाद्या रोगाला द्यावं. आज लिस्टला कुणी हलका संगीतकार म्हणत नाही. त्या बायकांना मात्र अजून रोगीच म्हणतात. आणि फार मागे कशाला जायचं? टेलर स्विफ्टचा ‘१९८९’ अल्बम २०१४ मध्ये आला, ‘फोर’च्या तीनच आठवडे आधी. संगीतसमीक्षेतल्या वजनदार ‘पिचफोर्क’ने तेव्हा त्याचं परीक्षण केलं नाही. पुढच्या वर्षी रायन अ‍ॅडम्स या रॉक गायकाने तीच गाणी आपल्या गिटारीवर गाऊन अल्बम काढला, त्याचं मात्र केलं. मूळ अल्बमाचं परीक्षण २०१९ मध्ये आलं. गाणी तीच, शब्द तेच. पुरुषाने गंभीर चेहऱ्याने गायली तेव्हा ती परीक्षणाच्या लायकीची झाली.

म्हणून ‘प्रगल्भ’ या शब्दाने मला आनंद होत नाही. हॅरी स्टाइल्सला त्याच्या एकट्याच्या ‘हॅरीज हाउस’साठी २०२३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. वन डायरेक्शनला पाच अल्बमांत एक नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. माणूस पाचांतून सुटून एकटा उभा राहिला, की कलावंत होतो. पण त्याच हॅरीने २०१७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या मुलाखतीत विचारलं होतं, की तरुण मुलींची आवड एखाद्या तीस वर्षांच्या दर्दी पुरुषापेक्षा कमी का समजायची? त्याला निदान आपण कुणामुळे उभे आहोत हे ठाऊक होतं.

आता एक घरचा प्रसंग सांगते, कारण माझं मत तिथे बदललं. लियाम गेल्याच्या दुसऱ्या रविवारी माझी भाची ठाण्याहून माझ्याकडे आली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ‘फोर’ आला तेव्हा नववीत होती. पिशवीतून तिने शंभर पानी वही काढली, शाळेची, तपकिरी कव्हर घातलेली. आत बँडच्या गाण्यांचे शब्द हाताने उतरवलेले, आणि प्रत्येक ओळ पाचांपैकी एका रंगात. निळा नायल, हिरवा लियाम, लाल हॅरी, जांभळा झेन, काळा लुई. कोणती ओळ कोण गातो हे सीडीवर छापलेलं नव्हतं. या मुलीने ते कानाने शोधलं होतं. काही ओळींवर खाडाखोड होती, लाल पुसून हिरवा केलेला, बाजूला प्रश्नचिन्ह, मग तारीख टाकून बरोबरची खूण. मी आठ वर्षं गाणं शिकले आहे. तिने मोबाइलवर गाणं लावलं आणि विचारलं, “आत्या, आता कोण आलं सांग.” मला सांगता आलं नाही. “अगं, नायलचा आवाज वरून, नाकातून येतो. लियामचा छातीतून. डोळे मिट आणि ऐक ना.” तिसऱ्या खेपेला मला फरक ऐकू आला, आणि तो ऐकू आल्यावर अख्खं गाणं वेगळं झालं.

ते गाणं होतं ‘नाइट चेंजेस’. संथ, गिटारीच्या साध्या छेडण्यावर चालणारं. एक मुलगी रात्री बाहेर निघालीय, तिने लाल कपडे घातलेत, आईला ते पसंत नाहीत. ध्रुवपदात एवढंच येतं, की आपण मोठे होत चाललोय आणि रात्र किती झपाट्याने पालटते. या गाण्याचं कौतुक ‘परिपक्व भाव’ म्हणून झालं, ते बरोबरच आहे; पण तो भाव कुठून येतो हे कुणी सांगितलं नाही. तो शब्दांतून फारसा येत नाही, शब्द साधेच आहेत. तो येतो वाटून गाण्यातून. एक जण दोन ओळी म्हणतो आणि सोडतो, दुसरा त्या जागेवरून उचलतो, मग तिसरा. भजनात जशी एकाने ओळ सोडायची आणि दुसऱ्याने झेलायची, तशी. एकट्या गायकाने हे गाणं म्हटलं असतं तर तो एका माणसाचा उसासा झाला असता. पाच जणांत फिरल्यामुळे ते रात्री गच्चीवर बसलेल्या मित्रांच्या बोलण्यासारखं होतं. प्रत्येकाला तीच धास्ती आहे आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या हातात देऊन थोडा मोकळा होतो. ध्रुवपदाला सगळे एकत्र येतात तेव्हा ते नुसतं हार्मनीचं सौंदर्य राहत नाही, पाचही जणांनी तीच गोष्ट कबूल केल्यासारखं होतं. हे बॉय बँड या प्रकाराचंच बळ आहे. ज्या रूपाला पोरकट म्हणून हिणवलं गेलं, त्या रूपातूनच या अल्बममधली सर्वांत जाणत्या माणसासारखी गोष्ट आली. स्टेडियम रॉकचा तिच्याशी काही संबंध नाही.

आणि हे ज्यांनी रंगीत पेनांनी नोंदवून ठेवलं होतं, त्यांना आपण किंचाळणाऱ्या म्हणतो.

चाहत्यांना पारख नसते, या समजाला ‘फोर’नेच एक सणसणीत उत्तर दिलेलं आहे. या अल्बमात ‘नो कंट्रोल’ नावाचं वेगवान गाणं आहे, लुई टॉमलिन्सन ज्याचा एक सहलेखक आहे. कंपनीने ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून स्वतंत्रपणे, काढलं नाही. मे २०१५ मध्ये चाहत्यांनी ठरवलं, की कंपनी काढत नसेल तर आपण काढू. त्यांनी स्वतः मुखपृष्ठं बनवली, एक तारीख ठरवली, रेडिओ केंद्रांकडे फर्माइशी पाठवल्या. गाणं बीबीसी रेडिओ वनवर वाजलं, आणि बँडने ते दौऱ्यातल्या गाण्यांत घेतलं. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी निवडलेलं गाणं खरोखर अल्बममधल्या सर्वांत चपखल गाण्यांपैकी आहे. धाव घेतं, श्वास घेत नाही, एक शब्द जास्त नाही. दुसरी, ते सकाळच्या अंथरुणातल्या ओढीविषयी आहे. मुली हात धरण्याच्या गाण्यांवर भाळतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या निवडीकडे पाहावं. बाजार, कंपनी आणि समीक्षक या तिघांनाही जे दिसलं नाही ते त्या मुलींनी उचललं. समीक्षेचं काम याहून वेगळं काय असतं?

अर्थात चाहत्यांचीही चूक आहे, आणि ती लहान नाही. ‘मुलींचा द्वेष’ हा शब्द ढालीसारखा वापरला, की अल्बमवर बोलणंच बंद होतं. अलीकडे उलटं टोकही आलंय: जे खपतं ते सगळं थोर, आणि नापसंती दाखवणारा माणूस अहंकारी. पूर्वीच्या समीक्षकाने न ऐकता झोडलं, आताचा न ऐकता डोक्यावर घेतो. दोघेही मुलीच्या हातातली वही बघत नाहीत.

मग ऐकायचं कसं? आपल्याकडे याचा एक नमुना आहे आणि मला तो कायम आधार वाटत आला आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार आणि हेतूने प्रामाणिक. आकाशवाणीवरून त्यांनी सिनेगीतं जवळजवळ हद्दपार केली, लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून. लोक उठून रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ती गाणी परत आणावी लागली. ‘थोर’ आणि ‘हलकं’ अशी फाळणी वरून केली की असंच होतं. त्याच काळातल्या शास्त्रीय संगीताच्या एका धुरंधराने, कुमार गंधर्वांनी, लता मंगेशकरांवर लेख लिहिला. शास्त्रीय गायकी आणि सिनेगीत एका तराजूत तोलायचीच कशाला, दोन्हींचे धर्म वेगळे आहेत, असं त्यांचं म्हणणं. तीन तासांच्या रंगलेल्या मैफलीचा रस लताबाईंच्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत मिळू शकतो, असंही ते म्हणाले. आणि त्याच लेखात त्यांनी दोषही दाखवले, की करुण रसाला तिने तेवढा न्याय दिलेला नाही, आणि तिला फार वरच्या पट्टीत गायला लावतात. गाण्याला त्याच्या स्वतःच्या घरात जाऊन ऐकायचं आणि तिथे जे कमी पडतं ते तिथल्याच मापाने सांगायचं. केसकर आणि कुमार, दोघेही शास्त्रीय संगीतावर प्रेम करणारेच. एकाने दार लावलं, दुसऱ्याने आत जाऊन ऐकलं.

त्या मापाने ‘फोर’ ऐकला तर काय ऐकू येतं? ‘फायरप्रूफ’मध्ये आवाज आणि वाद्यं यांच्यात मोकळी हवा आहे, कुणी कुणावर ओरडत नाही, आणि ती फ्लीटवुड मॅकसारखी आहे म्हणून नव्हे तर पाच आवाजांना जागा मिळते म्हणून चांगली आहे. ‘फूल्स गोल्ड’ तसंच. पण ‘स्टील माय गर्ल’, जे पहिलं सिंगल म्हणून पुढे केलं गेलं आणि ज्याला भारदस्त म्हटलं गेलं, ते मला अल्बमचं दुबळं टोक वाटतं. मोठा पियानो, मोठा ढोल आणि मजकूर काय, तर ही मुलगी माझी आहे, हात लावू नका. भारदस्त चालीत घातलेली मालकीची भाषा. यात मोठं झालेलं काय आहे? बारा गाण्यांतली निदान चार एकाच चढणीवर चढतात: हळू कडवं, फुगत जाणारा ढोल, मग सगळ्यांनी मिळून आकाशाला हाका. चौथ्यांदा ती चढण आली, की पाय दुखतात. आणि झेनची तक्रार इथे आठवते. आधीच्या अल्बममधल्या ‘यू अँड आय’मध्ये त्याला वरचा स्वर मोकळेपणी लावू दिला होता, त्या एका जागेसाठी लोक कार्यक्रमात श्वास रोखून धरायचे. ‘फोर’मध्ये अशा जागा कमी आहेत. त्याच्या गळ्यातली नक्षी घासून सपाट केली हा या अल्बमवरचा सर्वांत नेमका आक्षेप आहे, आणि तो गाण्याच्या आतला आहे. ‘पोरींचा बँड’ म्हणणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून तो मी ऐकलेला नाही.

तो आक्षेप मी ऐकला भाचीकडून. वहीच्या शेवटच्या पानावर ‘फोर’ची बारा गाणी ओळीने लिहिलेली आहेत आणि प्रत्येकासमोर दहापैकी गुण. ‘नाइट चेंजेस’ला साडेनऊ. ‘फायरप्रूफ’ला नऊ. ‘स्टील माय गर्ल’ला सहा, आणि पुढे जांभळ्या शाईत: “झेनला गाऊ का देत नाहीत?” शेवटच्या ‘क्लाउड्स’ला चार, कारण “नुसता आरडाओरडा”. खाली तारीख आहे, ३० नोव्हेंबर २०१४. अल्बम येऊन तेरा दिवस झाले होते, आणि झेनला बँड सोडायला अजून जवळजवळ चार महिने होते.